दोन नळांचा डीप फ्रीझर

डीप फ्रीझरच्या भिंतीला कधी भोक पाडू नये. बाहेरून नुसता पांढरा पत्रा दिसतो, पण त्याच्या आत गॅसच्या नळ्या फिरवलेल्या असतात आणि त्या नेमक्या कुठून गेल्यात ते कुणालाच सांगता येत नाही. ड्रिलचं टोक नळीला लागलं की गॅस निघून जातो आणि ती पेटी गोधड्या ठेवायच्या कामाची उरते. चाळीस वर्षं मी बुऱ्हाणपुरात फ्रीज, कूलर आणि केळी पिकवायच्या थंड खोल्या दुरुस्त केल्या. माझ्या हातून एकाही भिंतीला भोक पडलं नाही आणि याचा मला चांगलाच माज होता. माणसांच्या बाबतीत मात्र मी आत काय चाललंय ते न बघता ड्रिल लावत आलो. हे सगळं माझ्या मुलाबद्दल आहे.

शनवारा वेशीजवळच्या एका गल्लीत माझं दुकान. राग माझ्या नाकावर असायचा, अजूनही असतो. गिऱ्हाईक ‘जरा लवकर करा’ म्हणालं की मी त्याचा फ्रीज उघडा तसाच उचलून रस्त्यावर ठेवायचो. तरी लोक यायचे, कारण काम चोख होतं. घरातही मी असाच. बायको म्हणायची, यांचा कॉम्प्रेसर सदा चालू, देव थर्मोस्टॅट बसवायला विसरला. पाहुण्यांसमोरही म्हणायची, आणि पाहुणे हसले की मला आणखी राग यायचा.

माझे वडील प्यायचे. त्याबद्दल जास्त सांगत नाही. आई त्यांना तापीच्या घाटावरून हाताला धरून आणायची, ते मी पाहिलंय. एकदा इच्छापूरच्या जत्रेतून आणलं, तेव्हा त्यांची एक चप्पल माझ्या हातात होती आणि दुसरी सापडलीच नाही. मिशी फुटायच्या आधी मी ठरवलं की माझ्या उंबऱ्याच्या आत दारू येणार नाही. आली नाही. साडू एकदा पिऊन आले तर त्यांना मी भरल्या ताटावरून उठवलं. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं की या घरात दारूचा थेंब मिळायचा नाही, आणि पुढं मला कळलं की माझ्या मुलाला ते सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

आमच्या दुकानात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. ती सगळ्यांकडेच होते, पण आमच्याकडे एक नियम जास्तीचा आहे. मी ज्या बर्फाच्या कारखान्यात काम शिकलो तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं तो मला लावून दिला. घरातल्या सगळ्यांत धाकट्यानं प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लावायचं, एकही सोडायचं नाही. मग यंत्र चालू करायचं, आणि त्यातून जे निघेल ते पहिलं त्यानंच घ्यायचं, ज्यानं कुंकू लावलं. फ्रीज असेल तर बर्फ, कूलर असेल तर वारा. घेतलं नाही तर यंत्र वर्षभर रुसतं, असं मिस्त्री म्हणायचा. मला एकच मूल, त्यामुळे पाचव्या वर्षापासून हे काम माझ्या मुलाचं. दुरुस्तीला आलेल्या आठ-दहा फ्रीजमधला बर्फ तो एका सकाळी खायचा आणि दसऱ्याला त्याचा घसा बसलेला असायचा. बायको काढा उकळताना मला आणि मिस्त्रीला एकदमच शिव्या द्यायची.

त्याचे हात माझ्यासारखे होते. शाळेतून आला की दुकानात बसून तांब्याच्या नळीला वाक द्यायचा, आणि त्याचा वाक कधी चेपला नाही. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. शिकवणारा स्तुती करायला लागला की शिकणारा बिघडतो, अशी माझी समजूत होती.

मग देशाचे दरवाजे उघडले, असं पेपरात छापून यायचं. आमच्याकडे ते उघडले म्हणजे केबल आली, घरात फोन आला, आणि परदेशी थंड पेयांचं नळाचं मशीन चौकातल्या एका हॉटेलात येऊन बसलं. मुलगा पुण्याला इंजिनियर झाला, कंपनीत लागला, आणि कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं. परत आल्यावर तो आठ दिवस घरी आला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो, कळण्याची भाकरी आणि भरीत होतं. तो तिकडच्या गोष्टी सांगत होता. सांगता सांगता त्यानं हातातला घास खाली ठेवला आणि माझ्याकडे वळला.

तिकडे त्याच्याबरोबर काम करणारा एकजण होता. त्याच्या तळघरात आमच्याकडे असतो तसाच डीप फ्रीझर होता. त्या माणसानं त्याला घरच्या घरी नळ बसवले होते. नळ ओढला की थंड बीअर. “आता सांगा बाबा,” तो म्हणाला, “भिंतीला भोक न पाडता त्यानं नळ कसा काढला असेल?”

त्याचे डोळे चमकत होते. मला मात्र त्या सगळ्यातला एकच शब्द ऐकू आला. मी विचारलं, तू पितोस? तो म्हणाला, कधी कधी. मी ताटावरून उठलो. जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते मला रोज ऐकू येतं. “ज्या घरात नळाला दारू येते त्या घरात राहा. इथं यायचं काम नाही.”

तो दुसऱ्या दिवशी गेला. तीन वर्षं आला नाही.

रविवारी सकाळी फोन यायचा, तो त्याच्या आईला. मी त्याच वेळी खोलीत काहीतरी शोधत असायचो. आमच्या घरात फोनवर कधी वाईट बोलायचं नाही, अशी पद्धत आहे. माझी आई तार आली की घाबरायची, बायको फोनला घाबरते. फोनवर सगळं बरंच असतं. आजारपण, भांडण, मरण, सगळं समोर आल्यावर, पाणी प्यायल्यावर सांगायचं. त्यामुळे तीन वर्षं तो बराच होता, आम्हीही बरेच होतो. बायकोनं इच्छापूरच्या इच्छादेवीला नवस बोलला होता की पोरगा घरी आला तर पायऱ्या चढून ओटी भरीन. मला तिनं हे सांगितलं नाही, ओटीचं खण-नारळ कपाटात दिसलं म्हणून कळलं.

त्या पहिल्या वर्षातच एका दुपारी मला त्याच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर दुरुस्तीला आला होता. झाकणाची बिजागरी तुटली होती म्हणून मी झाकण उचलून बाजूला ठेवलं, आणि उघड्या पेटीकडे बघत उभा राहिलो. पेटी आणि झाकण यांच्यामध्ये लाकडाची चौकट बसवायची. वीतभर उंच. भोक लाकडाला पाडायचं, पत्र्याला हात लावायचा नाही. मी एकटाच मोठ्यानं ‘चौकट’ म्हणालो. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की तो मला बीअरबद्दल सांगतच नव्हता. तो मला कामाबद्दल सांगत होता. एवढ्या लांबून माझ्यासाठी एक कोडं घेऊन आला होता, आणि मी त्याला घराबाहेर काढलं होतं. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि घरी येऊन बायकोशी विनाकारण भांडलो.

फोन मी केला नाही. उचलायचो, ठेवायचो. माझ्यासारख्या माणसाला ‘चुकलं’ म्हणण्यापेक्षा कॉम्प्रेसर खांद्यावरून उचलून नेणं सोपं जातं.

तिसऱ्या वर्षी, गणपती उठल्यावर, तो आईला म्हणाला की दसऱ्याला येतो आणि या वेळी बरेच दिवस राहीन. बायकोनं कारण विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मी पलीकडे स्क्रू शोधत होतो. त्याच दिवशी मी आइस्क्रीमवाल्याकडे गेलो. त्याचं दुकान बंद पडलं होतं आणि फ्रीझर विकायचा होता, तो मी घेतला. जे मला तोंडानं म्हणता येत नव्हतं ते मी बनवायला घेतलं.

चौकट सागवानाची केली. सुताराला मी तीनदा परत पाठवलं, कारण कोपऱ्यातून वारा जात होता. आतून थर्माकोल लावला. फ्रीझर तसाच चालवला तर बीअरचा दगड होईल, म्हणून त्याचा थर्मोस्टॅट काढून साध्या फ्रीजचा बसवला, आणि पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून तीन दिवस आकडा बघत बसलो. चौकातल्या हॉटेलातलं ते परदेशी मशीन तोवर बंद पडून भंगारात गेलं होतं. त्याचे दोन नळ आणि स्टीलचे दोन उभे डबे मला भंगारवाल्याकडे मिळाले. डब्यांना गोड वास होता. रबर बदलले, खाण्याचा सोडा टाकून गरम पाण्यानं इतक्या वेळा धुतले की बायको म्हणाली, “मले कधी एवढं आंघोळीचं पाणी नाही तापवून दिलं तुम्ही.”

तिला मी खरं सांगितलं तेव्हा ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. ती म्हणाली की ज्या गोष्टीवरून पोराला घालवलं तीच आता घरात आणता का. मी म्हणालो की त्याला कळेल, मी काय म्हणतोय ते त्याला नेमकं कळेल. तिनं पोळी लाटून तव्यावर टाकली. मग म्हणाली, “करा. पण माझ्या देवघराच्या भिंतीजवळ नको.” आणि थोड्या वेळानं, दुसऱ्या नळाला काय, असं विचारलं. दुसऱ्या नळाचं मी ठरवलंच नव्हतं. मी म्हटलं, तुझ्यासाठी लिंबू सरबत. ती हसली. तीन वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

बीअर नळापर्यंत ढकलायला सोड्याचा गॅस लागतो, त्यासाठी मी माझ्या सोडावाल्या मित्राकडे गेलो. हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी सोड्याच्या बाटल्या भरतो. जन्माचा चेष्टेखोर. मी दारूचं मशीन बनवतोय हे ऐकून तो आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघू लागला. मग त्यानं सिलिंडर दिलं, नळी दिली, जोडणीला साबणाचा फेस लावून गळती कशी बघायची ते मला शिकवू लागला, जणू मला ते माहीत नव्हतं.

आता बीअर. तिकडे म्हणे ती मोठ्या पिंपातून मिळते. आमच्याकडे बाटलीतली, तीच. दारूच्या ठेक्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिलो. ठेकेवाल्यानं मला ओळखलं आणि घाईनं सांगितलं की त्याचा फ्रीज नीट चाललाय. मी दोन पेट्या मागितल्या तेव्हा माझ्या मागं उभी असलेली माणसं बोलायची थांबली. बाटल्या घरी आणून थंड केल्या आणि डबा तिरका धरून एकेक त्याच्या भिंतीवरून हळूहळू ओतली. त्या वासानं मला वडिलांची चप्पल आठवली. मी नाकाला फडकं बांधलं आणि ओतत राहिलो. वरून गॅस भरून ठेवला. पहिल्यांदा नळ ओढला तर ग्लासात नुसता फेस. सोडावाल्यानं चाखून विचारलं, “भाऊ, हे प्यायचं का याच्यानं दाढी करायची?” मग आतली नळी लांब करून वेटोळी केली, गॅस कमी केला, आणि फेस बोटभर उरला. मी स्वतः थेंब चाखला नाही. उजव्या डब्यात सरबत, डाव्यात बीअर. सगळ्यावर मी जुनी ताडपत्री टाकली. कुणाला उचलू दिली नाही, कारण ती नवमीलाच उघडायची होती.

तो घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी आला. स्टेशनवर मी गेलो होतो. खूप वाळला होता, मानेच्या शिरा दिसत होत्या. पाया पडला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. मला वाटलं, माझ्यामुळे. त्यानं खिशातून लिमलेटची गोळी काढून तोंडात टाकली, आणि दिवसभर एकामागून एक टाकत राहिला. बायकोनं रात्री मला विचारलं की हा एवढ्या गोळ्या का खातो. मी म्हटलं, सिगरेट सोडली असेल, बरंच आहे.

ते सहा-सात दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस होते. हे मी आता म्हणतोय असं नाही, तेव्हाच म्हणत होतो. तो सकाळी माझ्या आधी उठायचा. जुने मित्र बोलवायला आले तर आईला ‘झोपलाय म्हणून सांग’ म्हणायचा आणि मागच्या दारानं माझ्याबरोबर दुकानात यायचा. खोकीच्या खोकी स्क्रू वेगळे करत बसायचा. धूलकोटकडे एका शेतकऱ्याची केळीची थंड खोली बंद पडली होती, तिथं आम्ही दोघं मोटारसायकलवर गेलो. त्यानं नळीला वाक दिला. अजूनही चेपला नाही. परत येताना मागून तो म्हणाला, “बाबा, मी नोकरी सोडली. मला इथंच राहू द्याल का?”

मागं वळून ‘हे काय विचारतोस’ म्हणावं असं फार वाटलं. पण माझ्या डोक्यात ती ताडपत्री होती. बोलून काय होतं, नवमीला त्यालाच दिसेल, असं मी मनात म्हटलं. तोंडानं म्हणालो, नवमी होऊ दे, मग बघू. तो बरं म्हणाला.

नवमीला सकाळी दुकान धुतलं, झेंडूची तोरणं बांधली. बायको आली, सोडावाला आला. मी कुंकवाची वाटी मुलाच्या हातात दिली. बत्तीस वर्षांचा होता, तरी घरातला धाकटा तोच. त्यानं एकेक यंत्राला बोट लावलं, चालू केलं, बर्फाचा कीस तोंडात टाकला. तो खूप दिवसांनी हसत होता. मग मी ताडपत्री ओढली.

तो बघत राहिला. पहिल्यांदा त्यानं नळ पाहिलेच नाहीत. त्याचा हात चौकटीवर गेला, कोपऱ्याच्या सांध्यावरून फिरला. तो हळू आवाजात म्हणाला, “चौकट.” मी म्हटलं, हो. भिंतीला भोक नाही. त्यानं झाकण उचलून आत पाहिलं, नळीचं वेटोळं पाहिलं, थर्मोस्टॅट कुठला लावला ते विचारलं. मी सांगितलं. जणू आम्ही दोघंच होतो तिथं, बाकी कुणी नव्हतं. एवढं सुख मला कशानंच झालं नव्हतं.

मग त्यानं दोन्ही नळांना कुंकू लावलं. नियम त्यालाही माहीत होता. त्याचा हात उजव्या नळाकडे गेला. हा कसला, त्यानं विचारलं. मी म्हटलं, सरबत, तुझ्या आईसाठी. तो लगेच म्हणाला, मग मी हेच घेतो.

मी त्याचा हात धरला. हसत हसत धरला. आणि डाव्या नळावर नेऊन ठेवला. “आधी हा. याच्यासाठीच तर एवढं केलं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. ती डोळे पुसत होती, आनंदानं. सोडावाल्यानं ग्लास पुढं केला. मुलानं तो डाव्या हातानं धरला, उजव्या हातानं नळ ओढला. ग्लास दातांवर वाजला. एका दमात प्यायला. सोडावाला टाळ्या वाजवून कसं झालंय म्हणून विचारत होता. मुलगा म्हणाला, मस्त. आणि त्यानं दुसरा ग्लास भरला. मला अभिमान वाटला. देवाशपथ, मला अभिमान वाटला.

दुपारी जेवायला तो घरी आला नाही. मशीन बघत बसतो म्हणाला. मला वाटलं, आहेच बघण्यासारखं. रात्री उशिरा येऊन झोपला आणि दसऱ्याला सोनं वाटायला उठला नाही. आई दोनदा हाक मारून आली. संध्याकाळी तो घरात दिसेना म्हणून मी दुकानात गेलो तर तो फ्रीझरला टेकून जमिनीवर बसला होता आणि डावा डबा रिकामा होता. सोळा लिटर. उजव्या डब्याला कुणी हात लावला नव्हता. त्याच्या तोंडाला माझ्या वडिलांचा वास येत होता.

बायकोनं त्याचे कपडे धुवायला बॅग उघडली, तेव्हा तिला पुण्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्राची फाइल मिळाली. चार महिने तो तिथं होता. फाइलमध्ये एक जाड कागदाचं कार्ड होतं, त्यावर रोजचा एक चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात निळ्या पेनानं बरोबरची खूण. केंद्रातून बाहेर पडल्यानंतरच्या दिवसांनाही खुणा होत्या, प्रवासाच्या दिवशीसुद्धा. शेवटची खूण अष्टमीची होती. बायकोनं कार्ड माझ्या हातात दिलं आणि आत गेली.

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. एवढंच विचारलं की सांगितलं का नाहीस. एक शब्द बोलला असतास तर मी ते सगळं तापीत नेऊन टाकलं असतं.

तो म्हणाला, “फोनवर कसं सांगणार होतो? इथं आल्यावर सांगायचं होतं. मग वाटलं, सांगायची गरजच काय. सगळ्या जगात हे एकच घर होतं बाबा, जिथं ती नव्हती. म्हणून तर आलो.”

मी म्हटलं, नुसतं नको म्हणायचं होतंस.

“तुम्ही पहिल्यांदा माझ्यासाठी काहीतरी बनवलं होतं,” तो म्हणाला. “नको कसं म्हणू?”

तो आठवडाभर राहिला. माझ्या घरात थेंब नव्हता, पण ठेका कुठं आहे ते आता घरातल्या दोघांना माहीत होतं. मग त्याला मीच पुण्याला नेऊन पुन्हा केंद्रात ठेवलं. तो बाहेर आला, पुन्हा गेला, पुन्हा बाहेर आला. दरवेळी नवं कार्ड मिळायचं. कुठल्याच कार्डावर पहिल्याइतक्या खुणा झाल्या नाहीत. लोक म्हणतात, तो आजारच तसा असतो, तुम्ही नळ लावला नसता तरी दुसरीकडे मिळाली असती. डॉक्टरही तेच म्हणाले. माझ्या बायकोनं मात्र मला तसं कधी म्हटलं नाही, आणि दोषही दिला नाही. तिनं दोष दिला असता तर भांडता तरी आलं असतं.

दोन वर्षांनी तो पुण्याच्या दवाखान्यात होता. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि पोट फुगलं होतं. त्याची आई इच्छादेवीच्या पायऱ्या चढायला गेली होती, पहिला नवस फेडायला आणि दुसरा बोलायला. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यानं विचारलं की तो फ्रीझर विकलात का. मी म्हटलं, तोडतो आता गेल्यावर. हातोडा मारूनच तोडतो.

त्यानं मान हलवली. “तोडू नका. काम चांगलं झालंय.” मग जरा वेळानं म्हणाला, “सरबत चाखायचं राहिलं.”

मी त्याला विचारलं की आणून देऊ का, बाहेर मिळतं. तो म्हणाला, नको, आपल्या नळाचं. मी म्हटलं, मग बरा हो आणि चल. तो पाच दिवसांनी गेला.

फ्रीझर दुकानात आहे. दुकान मी आता फारसं उघडत नाही, हात हलतात. खंडेनवमीला मात्र उघडतो. घरात धाकटं कुणी नाही, म्हणून कुंकवाची वाटी मीच घेतो. दोन्ही नळांना बोट लावतो, कारण एकही यंत्र सोडायचं नसतं. डावा डबा रिकामा असतो. उजव्यात बायको आदल्या दिवशी लिंबू पिळून सरबत भरते, आणि कुणासाठी ते आम्ही बोलत नाही. मी नळ ओढतो आणि नियमाप्रमाणे पहिला ग्लास घेतो. त्या वेळी ती दारात उभी असते आणि विचारते, नीट झालंय का. मी हो म्हणतो. साखर दरवर्षी थोडी जास्तच पडते, त्याला लहानपणी लागायची तेवढी.